लॅपटॉपवरची देवी

दादांचं ऑपरेशन झालं आणि त्यांच्या गळ्यातला आवाज गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, त्यांचा राहिलेला आवाज ज्या लॅपटॉपमध्ये होता तोही बंद पडला.

दादा म्हणजे माझे वडील. परंड्याच्या बाजूला, गावापासून लांब आमची वस्ती आहे. मेंढरं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पुस्तकं मात्र माझ्यापासून आली. बी.एस्सी. झालेली आमच्या भावकीतली पहिली मी, आणि हे मी मान वर करून सांगते. गावातल्या ग्रामपंचायतीत मी संगणकाचं काम बघते. पगार कधी येतो, कधी लांबतो, पण खुर्ची माझी आहे. दाखला हवा असला की गावची मोठमोठी माणसं त्या खुर्चीसमोर उभी राहतात.

तंबाखूनं दादांचा घसा धरला. बार्शीच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस राहील, आवाज राहणार नाही." दादांनी ऐकलं, खिशातली पुडी काढून दवाखान्याच्या दारातल्या डब्यात टाकली आणि मला म्हणाले, "चल, मेंढरं एकटी हायती."

ऑपरेशनच्या आधी मी त्यांचा आवाज फोनवर भरून घेतला. त्यांना ते लई अवघड गेलं. मेंढरांशी दिवसभर बोलणारा माणूस, फोन पुढं धरला की गप्प. मग मी फोन घोंगड्याखाली लपवून वाड्यात बसायचे. मेंढरांच्या कुंपणाला आम्ही वाडा म्हणतो. असं करून बरंच भरलं. मेंढरांना हाक मारणं, शिव्या घालणं, लंगड्या मेंढीला समजावणं. एकदा त्यांनी मेंढरं घेऊन सीना नदीच्या काठानं खाली जायची सगळी वाट मला सांगितली, कुठल्या गावात कुणाच्या रानात बसायचं, कुठल्या विहिरीवर पाणी पाजायचं. घरकुलाच्या कामाचे फोटो काढून काढून माझा फोन भरत आला होता, म्हणून ते सगळं मी लॅपटॉपवर घेतलं आणि फोन मोकळा केला. वस्तीवर रेंज फक्त बांधावरच्या लिंबाखाली येते, म्हणून नेटवर कुठं चढवून ठेवायचं राहिलं होतं.

दादा दवाखान्यातच होते. धाकटा भाऊ त्यांच्याजवळ, मी आणि आई घरी. एके दिवशी लॅपटॉप स्वतःला अपडेट करत होता, बॅटरी तर कधीचीच मेलेली, आणि मध्येच लाईट गेली. लाईट आल्यावर सुरू केला तर तो दुरुस्ती करतोय म्हणायचा, बंद व्हायचा, परत सुरू होऊन परत तेच.

मी परत परत बटण दाबून बघितलं. तरी मी आईला सांगितलं, "काही होत नाही. बिघडलंय, मेलेलं नाही."

"त्येंचा आवाज त्याच्यातच हाय नव्हं?"

"हो."

आई उठून देवघरात गेली.

दुसऱ्या दिवशी पंचायतीतल्या संगणकावर मी पेनड्राईव्ह तयार केला. आतली यंत्रणा मोडली तर लॅपटॉप बाहेरून, अशा पेनड्राईव्हवरून सुरू करता येतो. तिथून दुरुस्ती करता येते किंवा निदान आतल्या फाईली बाहेर काढता येतात. हे मला माहीत होतं. घरी आले तर लॅपटॉप भिंतीकडेच्या लाकडी पेटीवर उघडा मांडलेला, त्याला हळदकुंकू लावलेलं, आणि कळफलकाच्या खाली, जिथं मनगट टेकतं त्या डाव्या कोपऱ्यात देवी बसवलेली.

तुळजापूरला गाडीवाल्यांसाठी मिळते ती छोटी देवी. नानांनी जीपसाठी आणली होती. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. जीप विकली, देवी राहिली.

"आई, हे काय?"

"आता हे डबडं तिच्या वटीत घातलंय. म्या बोललीय तिला. तुझे दादा उंबऱ्याच्या आत येईपर्यंत हिला जागची हलवायची न्हाय."

"अगं, पण मला काम करायचंय त्याच्यावर."

"मग कर की. ती काय तुझा हात धरती व्हय?"

मी देवळात जाते ते आईसाठी जाते, असं मैत्रिणींना सांगणारी मी. पण दादा तिकडं गळ्यात नळी घालून पडलेले असताना, आईनं बोललेली देवी उचलून बाजूला ठेवायला माझा हात काही वळला नाही. मी ती तशीच राहू दिली. तिच्या पायाला बोट लागू नये म्हणून डावा हात आखडून घेतला आणि पेनड्राईव्ह लावला.

सुरुवात बरी झाली. बटण दाबल्याबरोबर कशावरून सुरू करू असं विचारणारी यादी आली. मी पेनड्राईव्ह निवडला. कंपनीचं चिन्ह आलं, त्याच्याखाली ठिपके गोल गोल फिरले, आणि पडदा काळा झाला.

मी वाट बघितली. काळाच. पंखा फिरत होता, मोठी अक्षरं करायचं बटण दाबलं की त्याचा बारका दिवा लागायचा आणि विझायचा. म्हणजे आत जीव होता. बंद करून परत सुरू केला. यादी दिसली, चिन्ह दिसलं, ठिपके फिरले, काळा.

भीती कशी असते ते मला त्या दिवशी कळलं. परीक्षेची भीती मला माहीत होती, निकालाचीही. पण ही वेगळी. विहिरीत बादली पडली की वरून नुसतं काळं पाणी दिसतं. बादली तिथंच असते, पण दिसत नाही, आणि गळ टाकावा तर तोच लागून ती आणखी खोल जाईल असं वाटतं. तसं.

मी लिंबाखाली उभी राहून फोनवर शोधायचे, आणि घरात येऊन करून बघायचे. उजेड वाढवायची बटणं दाबली. पेनड्राईव्ह दुसऱ्या खाचेत लावला. पडद्यामागचा दिवा गेला असला तर बॅटरी मारून पुसट अक्षरं दिसतात, असं एकानं लिहिलं होतं. खिडकी लावून मी फोनची बॅटरी पडद्यावर तिरकी धरली. माझंच तोंड दिसलं. एका यादीत लिहिलं होतं, झाकणाचं सेन्सर अडकलंय का बघा. माझं झाकण तर सताड उघडं होतं. मी पुढं वाचत गेले.

मग एक व्हिडिओ मिळाला. त्यात एक जण तीच दुरुस्ती करून दाखवत होता. माझ्या मनात आलं, पडदा दिसत नाही तर न बघता करू. तो जितक्या वेळा खालचा बाण दाबतो तितक्या वेळा दाबायचा, एंटर करायचं, परत बाण. फोन पेटीवर उभा करून मी सुरुवात केली. बाण, एंटर, बाण. शेवटच्या एंटरवर बोट ठेवलं आणि ते दाबेना.

कारण त्याच यादीत सगळं पुसून नव्यानं सुरू करायची सोयपण असते. माझ्या लॅपटॉपवर ती कितव्या ओळीत आहे हे मला काळ्या पडद्यावर कसं दिसणार? एक ओळ चुकली की दादांची हाक, वाट, शिव्या, सगळं धुऊन निघालं असतं, आणि पुसलेलंसुद्धा मला दिसलं नसतं. मी बोट उचललं. बटण दाबून धरून लॅपटॉप बंद केला. 

"झालं का?" आईनं चुलीपासनं विचारलं.

"होतंय."

भावाचा फोन आला की तो आधी दादांचं सांगायचा, मग विचारायचा, "ताई, लॅपटॉपचं काय? दादा सारखं कानाला हात लावून विचारतेत. म्या काय सांगू?"

"सांग, ठीक आहे."

"खरंच ठीक हाय का?"

"तू सांग म्हटलं ना."

"हिकडं बार्शीला दुकान हाय, घिऊन ये की."

आईला विचारलं. ती म्हणाली, "देवीसकट नेशील का यष्टीत?" विषय तिथंच संपला.

दादा नव्हते तोवर मेंढरं नानांकडं होती, आणि मेंढरं नानांना मोजत नव्हती. ते हाक मारायचे आणि मेंढरं चरत लांब जायची. संध्याकाळी घामाघूम होऊन यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "काय कंपूटरबाई, उघडला का तुमचा पडदा?"

"नाही अजून, नाना."

"एवढं शिकवलं तुला आमच्या भावानं, आन्‌ एक दार उघडंना तुला? मेंढरं पार वैतागली माझ्या आवाजाला. कालची ती काळी मेंढी माझ्याकडं बघून पाठ फिरवून मुतली. त्येचा आवाज दे मला भरून, म्हंजी फोनवर लावून हिंडतो."

आई हसली. दादा दवाखान्यात गेल्यापासून पहिल्यांदा हसली. मला हसू येईना. नानांना चेष्टा वाटत होती, पण मला रोज सकाळी जाग आल्याबरोबर पहिली आठवण काळ्या पडद्याची यायची. दादा बरे होऊन घरी येतील, खुणेनं विचारतील, आणि मी काय दाखवू? ज्या माणसानं मेंढरं विकून माझी फी भरली, त्याला काय सांगू, तुमचा आवाज माझ्याकडं ठेवायला दिला होता आणि मी शिकलेली असून सांडला?

त्यानंतर ग्रामसभा लागली. पंचायतीच्या लॅपटॉपवरून भिंतीवर कामांची यादी दाखवायचं काम माझंच असतं. नेहमीसारखी मी वायर जोडली, यादी भिंतीवर आली. समोर बसलेले एक म्हातारबाबा म्हणाले, "ए पोरी, ते झाकण मिटव, डोळ्यावर उजेड येतोय." झाकण मिटलं तरी भिंतीवरचं चित्र जाऊ नये असं मी त्या लॅपटॉपला लावून ठेवलंय. मी मिटवलं. पडदा विझला, भिंतीवर यादी तशीच राहिली.

आणि मी तशीच उभी राहिले. सरपंच बोलत होते, नळाच्या पाण्यावरून मागं भांडण सुरू झालं होतं, आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. मिटल्यावर लॅपटॉप मरत नाही. चालू राहतो, फक्त पडदा विझवतो. आत जीव, बाहेर काळोख. माझा लॅपटॉप मिटलेल्या लॅपटॉपसारखा वागत होता.

पण त्याला कळतं कसं मिटलेलं? ओढणीची पिन एकदा माझ्या लॅपटॉपच्या पडद्याच्या वरच्या डाव्या कडेला चिकटली होती, ते आठवलं. तिथं आतून लोहचुंबक असतं. झाकण खाली आलं की ते चुंबक खालच्या कोपऱ्याजवळ येतं, आणि खालच्या कोपऱ्याला वाटतं, झाकण लागलं. खालचा कोपरा. डावा.

जीपच्या डॅशबोर्डच्या पत्र्यावर देवी कशानं चिकटून बसायची? खड्ड्यातून गाडी उडाली तरी पडायची नाही ती?

सभा कशी संपली मला आठवत नाही. वस्तीपर्यंत मी जवळजवळ पळत आले. पण आल्यावर दारातच पाय थांबले. आता तर जास्तच भीती वाटली. इतके दिवस काय बिघडलंय हे माहीत नव्हतं म्हणून भीती होती. आता माहीत होतं, आणि दुरुस्त करायचं तर आईनं बोललेली देवी उचलावी लागणार होती. त्याच सकाळी भावानं कळवलं होतं की दादांना ताप आहे, जखम चिघळली असेल असं डॉक्टर म्हणतात. त्याच दिवशी देवी उचलायची आणि नंतर काही झालं तर? मी विज्ञानाची पदवी घेतलेली बाई. पण ते 'तर' काही डोक्यातून जाईना.

आईला मी सगळं समजावून सांगितलं. देवीच्या बुडाला चुंबक आहे, त्यामुळं लॅपटॉपला वाटतंय की झाकण मिटलंय, म्हणून पडदा विझतोय. सुरुवातीची यादी दिसते कारण तोवर त्याचं झाकणाकडं लक्षच नसतं.

आई ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी माज्यामुळं?"

"नाही गं. बिघाड लाईटनं झाला. ही फक्त दुरुस्ती करू देईना."

"ती कशाला करू देईना? तिनं सांभाळलं. तू न बघता कायबाय दाबत हुतीस न्हवं?"

 आई पेटीपाशी गेली, लॅपटॉपकडं आणि देवीकडं बराच वेळ बघत राहिली. तिचे ओठ हलत होते.

"हिला न्हाय हलवायची," ती म्हणाली.

"आई—"

"ऐक तर. म्या हिला जागेवर धरती. तू डबडं वढ खालनं. बोललीय ते हिच्यासाठी बोललीय, डबड्यासाठी न्हाय."

आईनं हात धुतले, पदर डोक्यावर घेतला, आणि देवीला दोन्ही हातांनी धरलं, केसभरसुद्धा वर उचललं नाही. मी लॅपटॉप हळूहळू आपल्याकडं ओढू लागले. चुंबकानं जरा ओढ घेतली, मग सोडलं. आई पुटपुटत होती, "हलली न्हाय, हलली न्हाय."  लॅपटॉप निघाला तशी देवी हवेत राहिली, आईच्या हातांवर, होती तिथंच, होती तेवढ्याच उंचीवर.

"आता कायतरी खाली सरकव लवकर, हात दुखाय लागले!"

मी दादांचं घोंगडं घडी घालून सरकवलं. एक घडी कमी पडली, आणखी एक घातली. मग आईनं हात सोडले आणि मटकन खाली बसली.

लॅपटॉप मी जमिनीवर ठेवला. यादी, पेनड्राईव्ह, चिन्ह, ठिपके. ठिपके फिरत राहिले.  आणि पडदा निळा झाला. निळ्यावर पांढरी अक्षरं, मराठी नाही, इंग्रजी, पण आईसुद्धा ओरडली, "आलं, आलं!"

मी यादी सावकाश वाचली. व्हिडिओतल्यापेक्षा माझ्या लॅपटॉपवर ओळींचा क्रम वेगळा होता. त्या दिवशी मी जेवढे बाण दाबले होते तेवढेच आता डोळ्यांनी मोजून दाबले. खूण जिथं येऊन थांबली ती ओळ सगळं काढून टाकायची होती. ज्या एंटरवर माझं बोट होतं तो हा.

आईला मी ते सांगितलं नाही.

दुरुस्तीला हात लावायच्या आधी फाईली काढायच्या ठरवल्या. काळी खिडकी उघडली, जिथं अक्षरांनी हुकूम द्यावे लागतात. कॉलेजात प्रॅक्टिकलला हे शिकताना वर्गातली सगळी म्हणायची, आता कोण हे वापरतं? मी वापरलं. दादांच्या नावाचा फोल्डर दिसला. आत फाईली होत्या, आणि त्यांचं वजन शून्य नव्हतं. मी त्या पेनड्राईव्हवर उतरवल्या. एकेक ओळ वर सरकत होती आणि मी लाईटच्या बल्बकडं बघत होते, आता जाऊ नकोस बाई.

गेली नाही. मग अर्धवट राहिलेलं अपडेट काढून टाकलं, आणि लॅपटॉप स्वतःच्या पायावर सुरू झाला.

पहिली फाईल लावताना मी आवाज बारीक ठेवला होता. भीती अजून गेली नव्हती, फाईल दिसते म्हणजे आत आवाज असेलच असं नाही. आधी घोंगड्याची खसखस ऐकू आली. मग दादा कुणावर तरी ओरडले, "अगं ए भवाने, तिकडं कुठं? तुझ्या बापाचं रान हाय का ते?" आईनं तोंडात पदर धरला. दारात आलेले नाना तसेच चौकटीला टेकून उभे राहिले, आणि त्या दिवशी त्यांनी मला कंपूटरबाई म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाना फोनवर ती हाक घेऊन रानात गेले. मी पण गेले. हाक लावली तशी सगळी मेंढरं माना वर करून थबकली, आणि धावत आली. आमच्याभोवती फिरली, नानांचे पाय हुंगले, माझे हुंगले, आणि मग ओरडायला लागली. थांबेनातच. नानांनी फोन बंद केला. "न्हाय गं," ते म्हणाले, "हे बरं न्हाय. फशिवल्यावानी हुतंय." परत त्यांनी ती हाक मागितली नाही. आपल्याच आवाजात ओरडत राहिले, आणि मेंढरं त्यांना न मोजता चरत राहिली.

दादांचा ताप उतरला. घरी आले तेव्हा वाळून गेले होते, गळ्यात नळी, त्याच्यावर पांढरं फडकं. आईनं उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सगळ्यात आधी घोंगड्यावरची देवी उचलून देवघरात नेली. दादा पेटीपाशी आले. लॅपटॉपकडं बोट केलं, मग कानाला हात लावला. मी मान हलवली, आहे म्हणून. त्यांचा विश्वास बसला नसावा. परत कानाला हात लावला.

मी फोनवर हाक लावून त्यांच्या कानाशी धरला. ऐकताना त्यांचा चेहरा घाबरल्यासारखा झाला. आपल्याच आवाजाला माणूस घाबरतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी फोन लांब केला. मग परत जवळ घेतला, उठले, आणि काठी टेकत वाड्याकडं निघाले. आई म्हणाली, "आत्ताच?" ते थांबले नाहीत.

कुंपणापाशी उभं राहून त्यांनी फोन वर धरला. हाक उठली. मेंढरं धावत आली, आणि या वेळी ज्याची हाक तो समोर होता. पण त्यांच्या अंगाला दवाखान्याचा वास होता. पुढची काही बिचकून मागं सरली. दादांचे ओठ हलत होते, हाकेच्या बरोबरीनं, नुसते ओठ. मला वाटलं, आता मेंढरं फिरतात की काय. मग लंगडी मेंढी पुढं आली, त्यांच्या तळहाताला नाक लावून उभी राहिली, आणि बाकीची एकेक करून तिच्या मागं.

दादांनी फोन बंद केला, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरनं गुंडी लावली. फोन माझा होता. पंचायतीची सगळी कामं त्याच्यावर चालायची.

मी मागितला नाही.